आईचा सोमवार आणि ब्रीडाचे बटाटे

आलेल्या पाहुण्याला डब्लिन दाखवायचं, एखादा किल्ला दाखवायचा, पावसाबद्दल माफी मागायची आणि विमानात बसवून द्यायचं, अशी आयर्लंडमधल्या आपल्या लोकांची रीत आहे. आईच्या बाबतीत मीही तेच करणार होते. पण आई साताऱ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "अटलांटिक कुठल्या बाजूला?" मी पश्चिमेकडे हात केला.

"मग आपण या बाजूला काय करतोय?"

जूनच्या पहिल्या सोमवारी इथे सुट्टी असते. ती जोडून शनिवार ते सोमवार पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात जायचं ठरलं. त्याच आठवड्यात तिचं परतीचं विमान होतं, म्हणजे हा तिचा इथला शेवटचा सोमवार. अटलांटिकखेरीज माझ्या डोक्यात आणखी एक काम होतं. मला आईचा सोमवार सोडवायचा होता.

मी पीएचडीसाठी इथे आले त्या दिवसापासून आई दर सोमवारी उपवास करते. नवस गुप्त ठेवण्यावर तिचा विश्वास नाही. शंकराला सांगितलं तेच तिने मलाही फोनवर सांगितलं होतं, "माझ्या पोरीला त्या देशात हाताला धरून 'बस, जेव' म्हणणारं कोणीतरी भेटू दे. भेटेपर्यंत माझे सोमवार." गेल्या वर्षी ती बँकेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर रागावले, बाबा रागावले, मी इथे फोन धरून रडले. आई म्हणाली, "अट पूर्ण करा, सोडते."

ती आल्यापासून मी एकेक उमेदवार उभा करत होते. डब्लिनजवळ स्वोर्ड्सला आम्ही चौघी मुली एका घरात राहतो. आईने फ्रिज उघडला, प्रत्येक कप्प्यावर चिकटवलेलं नाव वाचलं आणि न बोलता बंद केला. माझ्या गाईड मूळच्या जर्मन, फार सज्जन बाई. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं, "बिस्कीट?" असं एकदा विचारलं, मी रीतीप्रमाणे नको म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नापास," आई परतीच्या बसमध्ये म्हणाली. शेजारी एक मंजिरीवहिनी होत्या. पोहे केले की हाक मारायच्या. पण त्यांना मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्या गेल्या. आता माझ्या मुठीत एकही उमेदवार नव्हता.

शनिवार: दगडी कुंपणांचा गाव

बसमधून उतरताना इथे प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतो. आईला ही पद्धत इतकी आवडली की तिने तीनही बसच्या ड्रायव्हरना हात जोडून आभार मानले. शेवटचा तर उतरून तिची बॅग फाटकापर्यंत घेऊन आला.

फाटक ब्रीडाचं. सत्तरीची, लालबुंद गालांची, कोपरापर्यंत बाह्या सारलेली बाई. घरातल्या तीन खोल्या ती प्रवाशांना देते आणि सकाळचा नाश्ता करून घालते. घरामागे शेतं आणि शेतांना दगडांची कुंपणं. नुसता दगडावर दगड, मध्ये माती नाही, सिमेंट नाही. फटींतून पलीकडचं आकाश दिसतं. आई कुंपणाला डोळा लावून कितीतरी वेळ उभी होती. "वाऱ्याला वाट ठेवलीय बघ," ती म्हणाली. "म्हणून उभं आहे. आपल्याकडं पक्की भिंत बांधली असती आणि पहिल्या वादळात पाडून घेतली असती."

संध्याकाळी ब्रीडाने बटाटा आणि लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊ, घातलेलं सूप दिलं, सोबत तिने स्वतः भाजलेला काळपट ब्राऊन ब्रेड. यीस्ट नाही, ताक आणि सोडा घालून केलेला. त्यावर लोणी. आता इथल्या लोण्याबद्दल मी काय सांगू? पिवळंधमक, खारट, आणि लावायचं तर सुरीने नव्हे, थापीने लावल्यासारखं. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "या गाई खातात तरी काय?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. गाई समुद्राकडे तोंड करून चरत होत्या. रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि ऊन अजून गवतावर होतं.

बॅग उघडल्यावर पहिला अपघात कळला. सोमवारसाठी आणलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा स्वोर्ड्सला ओट्यावरच राहिला होता. आई माझ्याकडे बघत राहिली. "तू भरणार होतीस की मी?" असं तिने विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. मी मात्र घाईघाईने खाली जाऊन ब्रीडाला सांगून आले की सोमवारी आईचा उपवास आहे, देवासाठीचा, तेव्हा नाश्त्याचं जरा बघा.

ब्रीडाने हातातला कप खाली ठेवला. "फास्ट? खराखुरा?" तिचा आवाज एकदम बदलला. "काही काळजी करू नको. मला कळतं ते."

तिला कळतं म्हटल्यावर मी निर्धास्त झोपले. घात झाला तो तिथेच.

रविवार: मोहरचे कडे

मी हे कडे फोटोत शंभरदा पाहिले होते. ते पाहिलेलं काही कामी येत नाही, एवढंच तुम्हाला सांगते.

हिरवळीची चढण असते, तुम्ही धापा टाकत चालत असता, आणि एकाएकी जमीन संपते. उतार नाही, सूचना नाही. सुरीने वडी कापावी तशी कापलेली. खाली, खूप खाली, अटलांटिक पांढरा होऊन आपटतो आणि त्याचा आवाज मागून, उशिराने वर येतो. एकामागे एक असे कडे समुद्रात पुढे सरकलेले, काळे, थरांवर थर, आणि शेवटचा निळसर धुक्यात अर्धा. वारा इतका की आईची शाल माझ्या तोंडावर आणि माझी टोपी थेट अमेरिकेकडे. मी टोपीमागे दोन पावलं धावले तेव्हा आईने मला वर्गातल्या आवाजात अशी हाक मारली की आजूबाजूचे चार परदेशीही जागच्या जागी थांबले.

मग ती गप्प झाली. माझी आई गप्प होत नाही. रस्त्याकडेचा ओढा दिसला तरी ती त्याचं उगमस्थान विचारते. इथे ती दगडी कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मी बोलायला गेले तर हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दरवर्षी सातवीला मी समुद्रकडा काढायचे. खडूने. एक उभी रेघ, खाली तीन लाटा. मुलं विचारायची, बाई, किती उंच? मी म्हणायचे, खूप." तिने डोळे पुसले आणि वाऱ्याला दोष दिला. "खूप म्हणजे काय ते मलाच ठाऊक नव्हतं गं."

मलाही भरून आलं. इतक्या मोठ्या गोष्टीसमोर आपण उभे आहोत आणि तिला आपली काही पडलेली नाही, याचं एक विलक्षण सुख असतं. पीएचडीचं रखडलेलं प्रकरण, व्हिसा, भाडं, सगळं त्या आवाजात बुडून गेलं.

शेजारच्या एका गृहस्थांनी न मागता आपली दुर्बीण आईच्या गळ्यात घातली आणि समोरचा सुटा सुळका दाखवला. "ते बघा, पफिन तिथे बसलेत." बुटके, काळे-पांढरे पक्षी, चोच नारिंगी, चेहरा असा की नुकतंच कोणीतरी रागावलंय. आई खुदकन हसली. गृहस्थ दुर्बीण परत घेऊन गेले तेव्हा मी आशेने आईकडे पाहिलं.

"दुर्बीण दिली, जेवायला नाही बोलावलं," ती म्हणाली. "नापास."

दुपारी मी चाउडर प्यायले. मासे, शिंपले आणि दाट दूध एकत्र शिजवलेलं सूप. ऐकायला आपल्याला कसंसंच वाटतं, पण थंडीने गारठलेल्या माणसाने ते पिऊन बघावं आणि मग बोलावं. आई शाकाहारी, तिने माझ्या वाटीकडे पाठ करून चीज-टोस्ट खाल्लं. पण संध्याकाळी ब्रीडाने तिला समुद्राचीच चव दिली. किनाऱ्यावरचं एक शेवाळ वाळवून, दुधात उकळून, गाळून, थिजवलेली पांढरी थरथरती खीर. आईने चमचा टेकवला. "अगं, ही चायना ग्रासची बहीण!" आणि दोघी, एकीला मराठी येत नाही, दुसरीचं इंग्रजी वर्गापुरतं, ओट्याशी अर्धा तास शेवाळावर बोलत होत्या. ब्रीडाने तिला दुसऱ्यांदा वाढलं. मलाही वाढलं.

वर खोलीत मी हळूच म्हटलं, "ही चालेल?"

"बाई सोन्यासारखी आहे. पण हा तिचा व्यवसाय आहे. आपण पैसे देतो म्हणून ती वाढते. ते धरत नाहीत." आईने पांघरूण ओढून घेतलं. विषय संपला.

सोमवार: बरेनचा दगड

सकाळी खाली आलो तर जेवणघर रिकामं. बाकीच्या पाहुण्यांची पानं ब्रीडाने मागच्या व्हरांड्यात मांडली होती, का तर आईला खरपूस वास जाऊ नयेत. फळांच्या परडीवर स्वच्छ पंचा टाकलेला. आमच्या टेबलावर दुधाशिवायचा काळा चहा आणि कोरड्या टोस्टचा एकच तुकडा. आणि ब्रीडा हात पुढे बांधून उभी.

तिने सांगितलं की त्यांच्याकडे एका तळ्यातल्या बेटावर यात्रा असते. तीन दिवस अनवाणी, काळा चहा आणि कोरडा टोस्ट, एक रात्र जागरण. तरुणपणी ती स्वतः करून आली होती. "तुझी आई आज अनवाणी चालणार का?" तिने मला कुजबुजत विचारलं.

मी तोंड उघडलं. बटाटा चालतो, दूध चालतं, केळं चालतं, दही-लोणी-शेंगदाणे सगळं चालतं. चालत नाही तो नेमका तो टोस्टच, हे सांगायला. तर आईने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"खबरदार! एवढा मान देतेय ती. बटाटे चालतात म्हणून सांगितलंस तर आपल्या देवाची काय शोभा राहील? यांची तीन दिवस अनवाणी यात्रा आणि आपली एकादशी, दुप्पट खाशी?"

"आई, तू पडशील."

"नाही पडत." आणि तिने तो काळा चहा, तोंड जराही वाकडं न करता, प्यायला. देवाची अब्रू राखायला माणसं काय काय करतात! मला उपाशी आईसमोर गिळवेना, म्हणून मीही "आय एम ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'मला काही नको', असं म्हणून नुसता चहा घेतला. आमचा हिशेब मिटवला, बॅगा दारात ठेवल्या. ब्रीडा गावात निघाली होती. जाताना तिने आम्हाला बरेनवर सोडलं आणि दुपारच्या बसच्या आधी घ्यायला येते म्हणाली.

बरेन म्हणजे डोंगरच्या डोंगर उघडा करड्या चुनखडीचा. जिथवर नजर जाईल तिथवर फरशी, आणि फरशीला उभ्याआडव्या भेगा. पहिल्यांदा वाटतं, चंद्रावर आलो. मग वाकून भेगेत बघितलं की आत नेचे आहेत, गुलाबी-जांभळी फुलं आहेत, पांढऱ्या पाकळ्यांची आणि पिवळ्या मध्याची फुलं दगडावर पसरलीत. माती म्हणावी तर चिमूटभर. आई गुडघ्यांवर बसली. "कास पठार!" ती ओरडलीच. "अगं, दगड वेगळा, आपला काळा लाव्हाचा, हा शिंपल्यांचा. पण फुलांनी युक्ती तीच केलीय."

एका भेगेच्या कडेला, हंगाम सरला तरी मागे राहिलेलं, एक इवलंसं निळं फूल होतं. इतका निळा रंग मी आकाशातसुद्धा पाहिला नव्हता. आम्ही दोघी त्याच्याभोवती पालथ्या पडलो. पुढे उघड्या फरशीवर घराएवढा एकच धोंडा बसला होता. हिमनदीने कुठूनतरी वाहून आणला आणि वितळताना टाकून गेली. आईने त्याला दोन्ही तळवे लावले, गाभाऱ्यात लावावेत तसे, आणि तशीच उभी राहिली. मी फोटो काढायला मागे सरले. कॅमेऱ्यातून पाहिलं तर तिचे हात दगडावरून घसरत होते.

मी कशी पोहोचले आठवत नाही. तिला धोंड्याला टेकवून बसवलं. ओठ पांढरे, कपाळावर घाम. "काही नाही, जरा गरगरलं," ती म्हणत होती आणि मला तिचा हात गार लागत होता. जवळ पाणी तेवढं. आजूबाजूला मैलभर दगड, फुलं आणि डबा ओट्यावर विसरलेली एक मुलगी. मला तिचा, माझा, शंकराचा, सगळ्यांचा राग आला. "मला नको कोणी जेव म्हणणारं!" मी ओरडले. "मला तू पाहिजेस!" ती माझा हात थोपटत राहिली.

सुदैवाने ब्रीडा वेळेआधी आली. रस्त्यावरूनच तिने काय ते ओळखलं, गाडी तशीच सोडून दगडांवरून धावत आली. आणि मी आईने पाय दाबायच्या आत सगळं सांगून टाकलं. बटाट्यासकट.

ब्रीडा बघतच राहिली. "बटाटे?"

"हो."

"लोणी लावून?"

"तूप असतं. पण लोणी चालतं."

"दूध? दही? केळी?" तिचे खांदे हलायला लागले. "देवा रे! अगं, हा उपवास नाही, हे आमच्या घरचं रविवारचं जेवण आहे!" ती इतकी हसली की तिला आईशेजारी खाली बसावं लागलं. आईही, तशा अवस्थेत, हसायला लागली. मग ब्रीडाने एकदम हसू थांबवून मला झापलं, "आणि तू तोंड शिवून बसलीस? बाईला काळ्या चहावर डोंगर चढवलास?"

बस चुकणार हे मी सांगून पाहिलं. तिने ऐकूनच घेतलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात आईला शेगडीजवळच्या खुर्चीत बसवून आधी गरम दूध दिलं. मग पातेलंभर बटाटे उकडले. इथले बटाटे उकडले की साल फुटून आतून पिठूळ, भुसभुशीत उमलतात. त्यावर लोण्याचा गोळा आणि मीठ. आईच्या गालांवर रंग यायला लागला तसा माझा जीव भांड्यात पडला.

आणि तेव्हा ब्रीडा माझ्याकडे वळली. "तू का उभी? तुझा तर उपवास नाही."

"नको, आय एम ग्रँड."

"बस."

"खरंच नको, ब्रीडा, आम्ही तुम्हाला फार त्रास..."

तिने माझा दंड धरला आणि मला खुर्चीत बसवलं. पुढ्यात ब्राऊन ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं, रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड 'पाय', त्यावर साय. मी दोन घास खाऊन ताटली सारली, तिने परत ढकलली. "सकाळी पण नुसता चहा प्यायलीस, मी पाहिलं. डब्लिनमध्ये काय खातेस?" मी नूडल्स म्हणाले. "नाताळला कुठे असतेस?" मी खोलीत म्हणाले. गेल्या नाताळला घरातल्या तिघी आपापल्या गावी गेल्या होत्या. बसेस बंद, दुकानं बंद. हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं.

ब्रीडा ओट्याला टेकली. "माझा धाकटा पर्थला गेला, ऑस्ट्रेलियात. पहिल्या नाताळला तो कोणाकडे जेवला, ठाऊक आहे? वरच्या मजल्यावरच्या एका व्हिएतनामी बाईकडे. ती दार वाजवून त्याला घेऊन गेली. मी तिला पाहिलेलं नाही. तिचं नावसुद्धा मला नीट म्हणता येत नाही. पण दर रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी एक मेणबत्ती लावते." तिने पंचाने तोंड पुसलं. "या नाताळला तू इथे येणार. प्रवासी म्हणून नाही. आदल्या दिवशीच्या बसने यायचं, मी फाटकात असेन. आणि नाही म्हणालीस तर मी डब्लिनला येऊन तुला कानाला धरून आणेन. खा आता."

मी खात होते. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आईला ते सगळं इंग्रजी कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. ती बटाट्याचा घास हातात धरून ब्रीडाकडे बघत होती. मग तिने तो घास ताटलीत ठेवला, हात लांब केला आणि माझ्या पुढ्यातल्या ब्रेडचा तुकडा उचलला.

"नो, नो, नो!" ब्रीडा धावली. तिने तो आईच्या हातातून काढूनच घेतला. "हे नाही चालत तिला! तूच सांगितलंस ना मघाशी? आज सोमवार आहे!"

आईने शांतपणे तो परत घेतला. त्याला लोणी लावलं, थापीने लावल्यासारखं. "फास्ट फिनिश्ड," ती ब्रीडाला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तिला सांग, माझे सोमवार संपले. इथून पुढचं तिने बघायचं."

मी पहिलं वाक्य कसंबसं सांगितलं.

"तुझी आई याहून जास्त बोलली," ब्रीडा म्हणाली.

मग मी दुसरंही सांगितलं, आणि नवसही सांगितला. ब्रीडाने पाठमोरी होऊन उरलेला पाव सगळाच्या सगळा कापला आणि ताटली आईपुढे ठेवली. आईने दुसरा तुकडा घेतला.